जुना माल, नवे घर : हुनर आपले, नफा दुसऱ्याचा

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. भर दुपारी आमच्या कापड दुकानासमोरून एक भंगारवाला हातगाडी ढकलीत चालला होता. गाडीवर गंजलेले पत्रे, फुटक्या बादल्या, सायकलची रिंग आणि या सर्वांच्या खाली दाराची एक जुनी सागवानी चौकट होती. चौकटीच्या वरच्या लाकडावर वेलबुट्टी कोरलेली. आम्ही गाडी थांबवून विचारले, "ही कुठून आणली?"

"खेड्यावर कवेलूचं घर पाडलं, शेठ. आता स्लॅबचं बांधून राहिले. लाकूड किलोच्या भावानं उचललं."

"आता कुठं जाईल?"

"गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाही तर हॉटेलच्या भट्टीत."

आम्ही वर थोडे पैसे देऊन ती चौकट उतरवून घेतली. त्याच आठवड्यात मोहल्ल्यातील एका घरी लग्नाचा सेट उतरला. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, सगळे चकचकीत. वरून लाकडाची छपाई, आत भुसा आणि सरस दाबून केलेला बोर्ड. सगळा माल हप्त्यावर घेतलेला. बाप भाजीचा ठेला लावतो. त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या मनात घोळत आहे. एका हाताने आपण सागवान किलोवर विकतो आणि दुसऱ्या हाताने भुशाचा बोर्ड व्याजासकट विकत घेतो. दोन्ही सौद्यांत घाटा आपलाच.

हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या भाचीच्या लग्नात हेच झाले. तिच्या वडिलांनी हप्त्यावर सेट घेतला, आम्हीही गप्प बसलो. आमचा भाग धानाचा, म्हणजे पाण्याचा. दुसऱ्या पावसाळ्यात पलंगाचे पाय फुगले, कपाटाचे बिजागर स्क्रूसकट बाहेर आले. बोर्डात एकदा स्क्रू सैल झाला की तो पुन्हा धरत नाही. सुतार म्हणाला, "यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही." पलंग अंगणात टेकवून ठेवला आणि हप्ते मात्र पुढे आठ महिने चालू राहिले. आपल्या दीनमध्ये ज्या व्याजाला हराम म्हटले आहे, ते व्याज मोडक्या पलंगावर भरण्याची वेळ आली.

म्हणून आज या पानावर कापडाचे भाव बाजूला ठेवून जुन्या मालाविषयी लिहीत आहोत. जुन्या वस्तू आणि साधे हस्तकाम यांतून घर नीट, सुंदर आणि टिकाऊ सजवता येते, आणि हे काम ज्यांच्या हाताचे आहे ते कारीगर बहुतांशी आपल्याच मोहल्ल्यांत आहेत.

लाज कशाची?

हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो इज्जतीचा. "मुलीला जुना माल दिला, असे लोक म्हणतील." या एका वाक्याने किती बाप कर्जात गेले असतील!

अशा बांधवांना आम्ही एका घराची आठवण करून देऊ इच्छितो. हजरत आयेशा (रजि.) यांनी घरात चित्रे असलेला एक पडदा लावला होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांना ती चित्रे पसंत पडली नाहीत. तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांनी तो पडदा कापून त्याच्या उशा केल्या. कापड वाया गेले नाही, घरच्या वापरात आले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. याच संग्रहांत दुसरी एक हदीस आहे. सदक्यात मिळालेली एक बकरी मरून पडली होती. प्रेषितांनी (स.) ती पाहून, तिच्या चामड्याचा उपयोग का केला नाही, असे विचारले. लोक म्हणाले, ती मेलेली आहे. त्यावर, हराम आहे ते तिचे खाणे, असा खुलासा त्यांनी केला. विचार करा, मेलेल्या बकरीचे चामडेही वाया जाऊ नये अशी ज्या उम्मतला शिकवण, त्या उम्मतचे लोक शंभर वर्षांचे सागवान भट्टीत घालत आहेत! प्रेषित (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत आणि कपडे शिवीत, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत फातिमा (रजि.) यांना लग्नात काय मिळाले, तर पांघरूण, पाण्याची मशक आणि गवत भरलेली चामड्याची उशी. जहेजचे नाव काढून कर्ज काढणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

दुनियेच्या हिशेबानेही पाहू. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जुने झुंबर, जुने आरसे, जुनी घड्याळे, जुने सागवानी कपाट घ्यायला कोण येतात? हॉटेलवाले येतात, सिनेमाच्या सेटसाठी माल घेणारे येतात, परदेशी पाहुणे येतात. जुम्म्याच्या पहाटे तेथे रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो आणि दिवाणखाना सजवणारे हौशी लोक टॉर्च घेऊन माल शोधतात. जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे जुन्या फर्निचरची दुकानांमागून दुकाने आहेत. तेथे जुने लाकूड घासून, पॉलिश करून पुन्हा उभे केले जाते आणि नव्याच्या भावाने, कधी त्याहून वर, विकले जाते. श्रीमंताने घेतला की तोच माल अँटिक होतो आणि गरिबाच्या घरी असला की भंगार. लाजेचे हे माप आपण दुसऱ्याकडून उसने घेतले आहे, ते परत करावे.

हे हुनर आपले आहे

उत्तर प्रदेशातील नजिबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शालींचे रफू करीत आले आहेत. शाल कुठे फाटली होती हे मालकालाही सापडत नाही, असे त्यांचे काम. ते बहुतेक आपलेच बांधव. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज आहे, त्यात मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या साड्या-लुंग्यांच्या तुकड्यांतून रंगीत गोधड्या शिवतात. कोपऱ्यापासून टाका घालायला सुरुवात करून आत मध्यापर्यंत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे फूल लावतात. फुलाशिवाय गोधडी त्यांना उघडी वाटते. आज त्या गोधड्या प्रदर्शनांत मांडल्या जातात आणि देशाबाहेरही विकल्या जातात. धागा आणि चिंध्या, याखेरीज त्यांत दुसरा माल नाही.

मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ ची लढाई आठवते. कापडवाल्याला मात्र दुसरे पानिपत ठाऊक आहे. थंड देशांतील लोकांनी टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर कांडल्याच्या बंदरातून तेथे येतात. बटणे, चेन काढून, रंगवार निवडून, कपडा फाडून पुन्हा लोकर करतात, सूत काततात आणि त्याच्या घोंगड्या विणतात. या घोंगड्यांना धंद्यात शॉडी म्हणतात. पूर, भूकंप झाला की मदतीत ज्या स्वस्त घोंगड्या वाटल्या जातात त्यांतील कितीतरी पानिपतच्या. एका शहराने जगाच्या चिंध्यांवर कारखाने उभे केले. आम्ही आमगावात कारखाना उभारा म्हणत नाही. चिंधीला किंमत आहे, एवढे त्यातून शिकावे.

माल आपल्याच दारात

आमगाव हे हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरील तालुक्याचे गाव. एका बाजूला गोंदिया, दुसऱ्या बाजूला सालेकसा आणि पुढे छत्तीसगडची हद्द, तिसरीकडे मध्य प्रदेशातील लांजी. अशा गावात जुना माल कमी नाही. फक्त तो कोणी वेगळा निवडत नाही.

पहिला माल लाकूड. हा मुलूख जंगलाचा आणि मालगुजारांचा. मालगुजारी १९५१ साली गेली, पण वाडे आणि माडीची घरे राहिली. आता वाटण्या झाल्या, घरकुल मंजूर झाले, की जुने घर पाडले जाते आणि मयाली, खांब, दारे, खिडक्या निघतात. हे लाकूड पन्नास-साठ पावसाळे पाहून पक्के झालेले असते. ते आता ना फुगते, ना वाकते. पण घेताना डोळे उघडे ठेवावेत. लाकडावर हात मारला आणि बारीक पीठ गळले तर आत कीड जिवंत आहे असे समजावे. तो भाग कापून टाकावा, उरलेल्याला उघड्या लाकडावरच किडीचे औषध दोन हात द्यावे, मग पॉलिश. सर्व खिळे काढल्याशिवाय लाकूड करवतीखाली घालू नये, पाते जाते. आणि जुन्या तेलरंगाविषयी एक इशारा : जुन्या रंगांत शिसे असायचे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असावे हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा, तोंडाला फडके बांधावे आणि लेकरांना दूर ठेवावे.

दुसरा माल बारदाना. गोंदिया जिल्हा राइस मिलचा. फाटक्या तागाच्या पोत्यांना तोटा नाही. पोते उलटे करून झटकावे, सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवावे, दोनदा धुवून कडक उन्हात वाळवावे, म्हणजे तेलाचा वास आणि धानातील किडे जातात. मग त्याला आतून मांजरपाटाचे अस्तर लावले की बैठकीचे आसन, भिंतीवरची खिशांची पिशवी, दाराजवळचे पायपुसणे, खिडकीचा जाड पडदा, सर्व होते. कडेला जुन्या साडीचा काठ लावला तर कोणी पोते म्हणणार नाही.

तिसरा माल आमच्या धंद्यातला, म्हणजे तुकडे. दर कापड दुकानात थानाचे शेवट, कटपीस, डाग लागलेला कपडा आणि कंपन्यांची सॅम्पल पुस्तके पडून असतात. पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडाच्या सॅम्पल पुस्तकात एकाच जातीचे, एकाच मापाचे, वेगवेगळ्या रंगांचे तुकडे मिळतात. जोडकामाला याहून चांगला माल नाही. पण येथे आमच्या भगिनी एक चूक नेहमी करतात. सुती आणि टेरिकॉट एकत्र जोडतात. पहिल्या धुण्यात सुती आखडते, टेरिकॉट तसेच राहते आणि अख्खी चादर गोळा होते. ओळख सोपी आहे. एक धागा काढून काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. टेरिकॉटमधील पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. दोन ढीग वेगळे करावेत, सुती तुकडे शिवण्यापूर्वीच धुवून घ्यावेत आणि लाल, निळ्या रंगाचे ओले फडके पांढऱ्यावर दाबून रंग जातो का ते पाहावे. एवढे केले तर गोधडी दहा वर्षे टिकते.

चौथा माल कापूस आणि पितळ. फोमच्या गाद्या आल्यापासून आमच्या मन्सुरी, पिंजारी बांधवांचे काम निम्मे झाले. वास्तविक जुन्या गादीचा कापूस उन्हात घालून, पिंजून, नव्या खोळीत भरला की गादी पुन्हा तयार. फोमची गादी बसली की टाकावीच लागते. पितळी गुंड, घंगाळ, परात आपण मोडीच्या भावाने देऊन स्टील घेतो. तेच घंगाळ घासून कोपऱ्यात ठेवावे आणि त्यात झाड लावावे, घराची शान वाढते. स्वयंपाकाला वापरायचे असेल तर मात्र कल्हई करूनच वापरावे. आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवू नये. कल्हईवाले आता क्वचित दिसतात. काम मिळाले तर त्यांची मुले हे काम सोडणार नाहीत.

पाचवी वस्तू आमच्या आवडीची आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेव्हा लाकडी तख्तीवर मुलतानी माती फासून, बोरूच्या कलमाने अलिफ-बे गिरवीत असू. १९९४ साली उर्दू लिहिणारे इनपेज नावाचे संगणक साधन आले आणि पुढे हळूहळू कातिब बेकार झाले. ज्यांचे अक्षर मोत्यासारखे, ते किराणा दुकानात पुड्या बांधू लागले. आपल्या घरात सजीवांच्या चित्रांऐवजी सुलेखन लावण्याचा रिवाज आहे. मग बाजारातील प्लॅस्टिकची छापील फ्रेम घेण्याऐवजी जुन्या सागवानी पाटीवर एखाद्या कातिबाकडून लिहून का घेऊ नये? पाटी वाचते, अक्षर वाचते आणि माणूसही. मात्र अल्लाहचे कलाम असलेली वस्तू उंचावर आणि अदबीने लावावी.

आम्ही स्वतः काय केले

भाचीचा पलंग पाहून आम्ही ठरवले की धाकट्या मुलीच्या लग्नात बोर्डाचा सेट घ्यायचा नाही. घरच्यांना पटवायला महिना लागला. पाडलेल्या घरांचे लाकूड दोन ठिकाणांहून घेतले. मोहल्ल्यातील सुताराने त्यातून पलंग, कपड्यांची पेटी आणि भिंतीवरची मांडणी केली. भंगाराच्या गाडीवरून उतरवलेल्या त्या चौकटीत आरसा बसवला. पडदे आणि उशांच्या खोळी आमच्याच दुकानातील सॅम्पल तुकड्यांच्या. घरातील बायकांनी आजीच्या आणि आईच्या जुन्या साड्यांतून दोन गोधड्या शिवल्या.

हिशेब खरा सांगितला पाहिजे. लाकूड स्वस्त पडले, पण मजुरी स्वस्त पडली नाही, आणि पडायलाही नको होती. सर्व मिळून दुकानातील सेटच्या निम्म्याहून थोडा अधिक खर्च आला. वेळ मात्र दोन महिने लागला. दुकानातील सेट दुसऱ्या दिवशी घरी येतो. पलंगाच्या एका पायात कीड निघाली, तो लग्नानंतर बदलावा लागला. वास्तविक पीठ गळताना आम्ही पाहिले होते आणि घाईत दुर्लक्ष केले होते. लग्नात दोन बायकांनी नाक मुरडले, एकीने आमच्या घरच्यांना ऐकू जाईल असे बोलूनही दाखवले. घरच्यांना त्या रात्री झोप लागली नाही. हे सर्व झाले.

पण व्याह्यांच्या घरातील वडीलधाऱ्या आजींनी पलंगावरून हात फिरवला, पेटीचे झाकण दोनदा उघडून लावून पाहिले आणि एवढेच विचारले, "कोणत्या सुताराचं काम आहे?" पुढे त्याच घरातून त्या सुताराला एक कपाट आणि दोन पाट यांची ऑर्डर मिळाली. वाचलेल्या पैशांतून आम्ही मुलीला शिलाईचे चांगले मशीन घेऊन दिले. तिच्या अंगावर आज एका पैशाचा हप्ता नाही.

धंदा म्हणून पाहावे

आता व्यापारी बांधवांशी दोन शब्द. या कामात तीन माणसे लागतात. भंगारवाला माल आणतो, कारीगर त्याला रूप देतो, दुकानदार विकतो. आमच्या गावांत तिन्ही आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. भंगारवाल्याला ठाऊक नाही की कोरीव चौकट भट्टीपेक्षा सुताराकडे नेली तर चौपट दाम मिळेल. सुताराला ठाऊक नाही की गाडीत काय आहे. आणि आम्ही दुकानदार मुंबई-सुरतेचा माल मांडून बसलो आहोत. गाडी आधी सुताराच्या दारी थांबली पाहिजे, एवढी व्यवस्था झाली तरी अर्धे काम झाले.

भाव लावताना आमचे कारीगर एक मोठी चूक करतात. माल आणि धागा धरतात, स्वतःची मजुरी धरत नाहीत. घरी बसून गोधडी शिवणाऱ्या भगिनींच्या बाबतीत तर हे नेहमीचेच. "घरीच बसून तर शिवते," असे म्हणून महिनाभराच्या टाक्यांचे चार पैसे हातावर ठेवले जातात आणि तीच गोधडी शहरात मोठ्या दामाला जाते. जो दुकानदार असे करतो त्याने नफ्यात बरकत शोधू नये. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. दर गोधडीला किती दिवस लागले ते वहीत लिहावे, दिवसाची मजुरी धरावी, मग माल, मग दुकानाचा खर्च आणि शेवटी नफा.

दुसरी गोष्ट ऐबाची. जुन्या मालाचा धंदा विश्वासावर चालतो. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओले लागले, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला विचारले की हे ओले वर का ठेवले नाही. जुन्या कपाटाला आतून ठिगळ असेल तर ते गिऱ्हाइकाला आधी दाखवावे. मालावर सरळ चिठ्ठी लावावी : जुना, जसाच्या तसा, जुना, दुरुस्त केलेला, जुन्या मालातून नवा बनवलेला. बोर्डावर सागवानी पट्टी मारून सागवान म्हणून विकणारे आमच्यातही आहेत. त्यांनी हा धंदा सुरू होण्याआधीच बुडवू नये.

कायद्याच्या चार गोष्टी

जुना माल विकणाऱ्याला जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये सवलत आहे. माल तसाच किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकला आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नाही, तर कर पूर्ण किमतीवर लागत नाही, खरेदी आणि विक्री यांतील फरकावर लागतो. पण जुन्या दारातून टेबल केले तर ती वेगळी वस्तू झाली, तेथे ही सवलत गृहीत धरू नये. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. आमच्यासारख्या हद्दीवरच्या गावात मात्र लक्षात ठेवावे, की लांजी, डोंगरगडला माल पाठवला तर तो राज्याबाहेरचा व्यवहार होतो आणि तेथे नियम वेगळे आहेत. हिशेबनिसाला विचारूनच पाठवावा.

सागवानाची वाहतूक वनखात्याच्या परवान्याशी जोडलेली आहे. पाडलेल्या घराचे लाकूड असले तरी घरमालकाकडून लेखी पावती घ्यावी आणि गाडी हलवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख वहीत असावी, माल कितीही लहान असो. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिचा व्यापार करायला परवाना लागतो. तशी वस्तू हाती आली तर घाई करू नये.

सुतार, शिंपी, टोपल्या-चटया-झाडू करणारे यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. तिच्यात व्याजाचे कर्जही आहे. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी कर्ज घेण्याची सक्ती नाही, हे लक्षात ठेवून प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ जरूर घ्यावा. कर्जाच्या नावाने बिचकून आमचे कितीतरी कारीगर अवजारांवरही पाणी सोडतात.

कापडवाल्यांचा आक्षेप

आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात, "तुम्ही स्वतः नवे कापड विकता आणि लोकांना जुन्या साड्यांच्या गोधड्या शिकवता. उद्या दुकानात कोण येईल?" आम्ही त्यांना आमची वही दाखवतो. गोधडीला अस्तर लागते, ते नवे. पोत्याच्या आसनाला मांजरपाट लागतो, तो नवा. धागा, सुई, लेस, चेन, सर्व नवे. आणि जे कटपीस तीन वर्षे कपाटात धूळ खात होते ते निघाले. खरे सांगायचे तर कर्जात बुडालेले गिऱ्हाईक ईदलाही उधारीवर येते. ज्याच्या घरावर हप्ता नाही तो रोखीने कपडा घेतो. मोहल्ल्यात पैसा राहिला तर तो फिरून आमच्याच गल्ल्यात येणार आहे.

नवा माल घेऊच नये, असेही आमचे म्हणणे नाही. ज्याला ऐपत आहे त्याने चांगल्या लाकडाचा नवा पलंग मोहल्ल्यातील सुताराकडूनच करून घ्यावा. आमचा विरोध आहे तो दिखाव्यासाठी व्याजाने घेतलेल्या आणि दोन पावसाळ्यांत मोडणाऱ्या मालाला.

एवढे तरी करून पाहू

आम्ही आमच्या गावापुरते तीन प्रस्ताव मांडतो, इतर गावांच्या बांधवांनी आपापल्या सोयीने बदल करावा. पहिला, पुढच्या लग्नाच्या हंगामात ज्याच्या घरी लग्न आहे त्याने किमान एक वस्तू जुन्या मालातून, गावच्या कारीगराकडून करून द्यावी. एका घराने केले की दुसऱ्याला बोलायला तोंड राहत नाही. दुसरा, महिन्यातून एक दिवस असा ठरवावा की भंगारवाले, सुतार, शिंपी आणि दुकानदार एका ठिकाणी जमतील, निवडक जुना माल तेथे येईल आणि भाव सर्वांसमोर ठरेल. तिसरा, कापड दुकानदारांनी सॅम्पल पुस्तके आणि छोटे तुकडे रद्दीत न घालता शिवणकाम करणाऱ्या भगिनींना द्यावेत. पहिल्या वेळी फुकट, पुढे वाजवी भावाने. आमच्या दुकानाचा गठ्ठा आम्ही वेगळा बांधून ठेवला आहे.

त्या भंगारवाल्याला आम्ही सांगून ठेवले आहे की कोरीव लाकूड आले तर आधी आमच्या दारी थांब. तो थांबतो. परवा त्याने खिडकीची जोडी आणली, वर लोखंडी सळया, खाली कमान. या वेळी त्याने किलोचा भाव सांगितला नाही. "नगाचा भाव बोला, शेठ," म्हणाला. आम्हाला चार पैसे जास्त द्यावे लागले, आणि ते आम्ही आनंदाने दिले.